भट्टीवाल्याचा शहाणा मुलगा

चिखल तुडवायला भट्टीवाला स्वतः खड्ड्यात उतरला आणि थोड्याच वेळात त्याला कळून चुकलं, की हे काम आपल्या गुडघ्यांना झेपणारं नाही. भिजलेली माती पाय सोडत नव्हती. एक पाय उपसला की दुसरा आणखी खोल जायचा. काठावर बायको विटांचा साचा धुऊन बसली होती, मुलगी रिकामं घमेलं घेऊन उभी होती, आणि दोघीही त्याच्याकडे न बघता आभाळाकडे बघत होत्या. अवेळी आभाळ भरून येत होतं. मैदानात कच्च्या विटांच्या रांगा उघड्या पडल्या होत्या आणि घरात होतं ते प्लास्टिक अर्ध्या विटांनाही पुरलं नसतं.

“झालं असेल आता,” तो म्हणाला.

बायकोने वाकून मूठभर चिखल उचलला आणि बोटांनी चाचपला. “खडे लागतायत.”

“लागू देत. वीट आहे, कुणाला खायची नाही.”

“कालच्या सगळ्या तडकल्या, बाबा,” मुलगी हळूच म्हणाली.

भट्टीवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिच्यावर ओरडायलाही त्याच्यात दम उरला नव्हता.

चिखल तुडवणं हे थोरल्याचं काम. सकाळी एकदा खड्ड्यात उतरला की माती लोण्यासारखी झाल्याशिवाय तो वर यायचा नाही. पायाला खडा लागला की वाकून काढायचा, काठावर ओळीने मांडायचा आणि काम संपल्यावर आईला ओढत आणून सगळे खडे दाखवायचा. वय तिशीचं, अंगाने बापापेक्षा दांडगा, पण समज शाळेत न घातलेल्या पोराएवढी. कागदावर त्याचं नाव भारदस्त होतं, पणजोबांचं. ते त्याला कधी चिकटलंच नाही. लहानपणी हातात मातीचं ढेकूळ असल्याशिवाय झोपायचा नाही, म्हणून घरचे त्याला ढेकळ्या म्हणायला लागले आणि मग गावही म्हणायला लागलं. कागदावरच्या नावाने कुणी हाक मारलीच तर तो मागे वळून बघायचा, हे कुणाला बोलावतायत म्हणून.

तो ढेकळ्या आठवडा उलटला तरी घरी नव्हता.

झालं होतं ते असं. मुलीचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा गॅरेजात कामाला, हाताने हुशार, तोंडाने कमी बोलणारा, आणि मुलीच्या मनातही भरला होता. स्थळ आणलं होतं मुलाच्या मामाने. हा मामा मोठ्या गावात पोलीस चौकीसमोर चहाची गाडी लावायचा. ‘थोरला आहे, भट्टीच्या मातीचं सगळं तोच बघतो,’ एवढंच भट्टीवाल्याने त्याला सांगितलं होतं. खोटं म्हणावं तर ते खोटंही नव्हतं.

मुलाकडचे घर बघायला येणार होते त्या दिवशी भट्टीवाल्याने ढेकळ्याला निळा शर्ट घातला, नवा, म्हणजे तो खुशीत राहील. मग त्याचा हात धरून जुन्या पडक्या भट्टीमागे नेलं. “इथे बस. पाहुणे आहेत तोवर कुणाला दिसायचं नाही. मी हाक मारली की यायचं. कळलं?” ढेकळ्याने जोरजोरात मान हलवली. सांगितलेलं तो कधी मोडत नसे. मुलीने खिडकीतून हे सगळं बघितलं आणि ती आरशासमोर जाऊन केस विंचरत बसली.

पाहुणे रमले. जेवले, गप्पा मारल्या, पुन्हा चहा झाला. मुलाचे काका पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडले ते थेट पडक्या भट्टीमागे जाऊन बिडी ओढून आले. भट्टीवाला दारातून तिकडेच बघत राहिला होता. पण काका हसत हसत परतले, म्हणाले, हवा छान आहे तुमच्याकडे. पाहुण्यांची गाडी नजरेआड झाल्यावर आई ताट वाढून मागे गेली, तर तिथे कुणी नव्हतं. काका येताना दिसले तेव्हा आपण दिसू नये म्हणून तो पुढे सरकला असणार. पुढे शेतं होती, शेतांपुढे मोठा रस्ता.

दुसऱ्या दिवशी नवराबायको चौकीत गेले. हवालदाराचा एक डोळा आला होता. त्यावर ओला रुमाल धरून तो दुसऱ्या डोळ्याने लिहीत होता आणि त्यामुळे जगावरच चिडलेला होता.

“नाव?”

भट्टीवाल्याने कागदावरचं नाव सांगितलं.

“टोपणनाव? घरात काय म्हणता?”

तेवढ्यात हातात चहाचे पेले अडकवून मामा आत आला. “अरे, तुम्ही! इकडे कुठे?”

भट्टीवाला बसल्या जागचा उठून उभा राहिला. “काही नाही हो. थोरला काल घरी आला नाही. म्हटलं, कळवून ठेवावं.”

“टोपणनाव विचारतोय मी,” हवालदार म्हणाला.

“तसलं काही नाही, साहेब.”

“डोक्याने ठीक आहे ना?”

बायकोने बोलायला तोंड उघडलं. भट्टीवाल्याने कोपराने तिला ढोसलं. “अगदी ठीक. आमच्या घरात सगळ्यांत शहाणा तोच.”

“भांडण वगैरे? कुणी काही बोललं?”

“छे! सांगून गेला नाही, एवढंच.”

हवालदाराने रुमालाची घडी बदलली. “मग घाबरताय कशाला? शहाणासुरता माणूस आहे, गेला असेल कामाधंद्याला. येईल.”

“येईल हो,” मामाही म्हणाला आणि त्याने दोघांपुढे चहा ठेवला. भट्टीवाल्याने तो घेतला. बायकोने पेल्याला हात लावला नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “असं का सांगितलंत तुम्ही?”

“मामा उभा होता ना तिथे.”

“मग?”

“मग काय मग! पोरीचं लग्न आहे.”

ती झपाझप पुढे चालायला लागली. तो मागून बोलत होता. पोलिसांना सगळं ठाऊक असतं, त्यांची माणसं सगळीकडे असतात, उद्या परवा आणून सोडतील बघ. त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं.

काम थांबवून चालणार नव्हतं. माती आणून पडली होती. भट्टीवाला तुडवायचा, दोघी थापायच्या, विटा उन्हात सुकायच्या आणि सुकता सुकता तडकायच्या. हाताशी आलेलं वाया जात होतं. संध्याकाळी त्याच्या पोटऱ्या गोळे येऊन दगडासारख्या व्हायच्या आणि मुलगी तेल चोळायला बसली तर तो पाय आखडून घ्यायचा. तिने एकदा विचारलं, “बाबा, मीच सांगू का त्यांना?” त्याने तेलाची वाटी बाजूला सारली. तिनेही परत विचारलं नाही, आणि आपण परत विचारलं नाही याची लाज वाटून ती रात्रभर कूस बदलत राहिली.

मध्ये एकदा तो चौकीत गेला. हवालदाराचा डोळा बरा झाला होता, मूडही बरा होता.

“तुमच्या मुलाचं लग्न झालेलं नाही ना?”

“नाही.”

“तिशी आली, अंगाने धडधाकट, डोक्याने शहाणा.” हवालदाराने शेजारच्या शिपायाला डोळा मारला. “अहो, बाई असणार यात. सहा महिन्यांनी पोर कडेवर घेऊन दारात उभा राहील, बघा.”

शिपाई हसला. भट्टीवालाही हसला. हसताना त्याला आत कुठेतरी बरं वाटलं, हे त्याने पुढे कुणाला कधी सांगितलं नसतं. आपल्या पोराबद्दल कुणी असं बोलावं, चारचौघांच्या मुलांबद्दल बोलतात तसं! परत येताना वाटेत भेटलेल्या गाडीवानालाही त्याने तेच ऐकवलं, पोलीस म्हणतायत यात बाई असणार.

घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती साच्यात चिखल भरत होती. तिने हात थांबवला.

“त्याला शर्टाची बटणं लावता येत नाहीत,” ती म्हणाली.

तिने फळी ओढून चिखल सारखा केला, साचा उलटा केला आणि वीट जमिनीवर सोडली. मग साच्यात पुन्हा चिखल भरला. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

आठवडा उलटल्यावर भरून आलेलं ते आभाळ संध्याकाळी कोसळलं. तिघं प्लास्टिकची टोकं धरून धावली, पण वारा ते हातातून हिसकावून नेत होता. डोळ्यांदेखत विटांच्या कडा गळाल्या, मग कोपरे, मग ओळीच्या ओळी बसल्या. भट्टीवाला शिव्या देत धावत होता. बायको मध्येच थांबली. तिच्या हातून प्लास्टिक सुटलं तेही तिला कळलं नाही.

“भिजत असेल तो,” ती म्हणाली. “आडोशाला हो म्हणून सांगायला कोण आहे त्याला?”

सकाळी मैदानात नुसता राडा होता. बायको हातपाय धुऊन दारात उभी राहिली. “मी चौकीत जाते. काय शोधलं ते विचारते. तुम्ही आलात तर तुमच्यासोबत, नाहीतर एकटी.”

“मी पण येते,” मुलगी म्हणाली.

मग भट्टीवाल्यालाही निघावंच लागलं. वाटेत त्याला राग चढत गेला आणि राग चढला तसं त्याला हलकं वाटू लागलं. एवढे दिवस झाले! बाकड्यावर बसून दात काढतात! आपण गरीब म्हणून. कुणा बड्याचा मुलगा असता तर रान पालथं घातलं असतं यांनी. चौकीच्या पायऱ्या चढेपर्यंत सगळा दोष पोलिसांचा झाला होता आणि त्याचा आवाज खणखणीत झाला होता.

आज फौजदार जागेवर होता. भट्टीवाल्याने त्याच्या टेबलावर हात आपटला. “काय शोध घेतलात, ते सांगा मला, साहेब! कुठे गेलात, कुणाला विचारलंत? माणूस हरवलाय माझा, कोंबडी नाही!”

फौजदार वयाने लहान होता. त्याने शांतपणे हवालदाराकडे बघितलं. “बोला. काय केलंत?”

हवालदाराचा चेहरा लाल झाला. “सगळं केलंय, साहेब. एस्टी स्टँड, बाजार, दवाखाना, पूल. फुकटचा आरोप नको. उलट एक जण जवळजवळ सापडलाच होता.”

“कुठे?” बायको पुढे आली.

“खडी मशीनवर. पलीकडे ते रस्त्याचे मोठे सिमेंटचे पाईप पडलेत ना, तिथे. उंची जुळत होती, निळा शर्ट जुळत होता. मी गाडीतून उतरलो, नाव घेऊन विचारलं, तूच का तो? मानेने नाही म्हणाला. परत विचारलं, परत नाही. इकडेतिकडे बघतो, जसा काही मी दुसऱ्याच कुणाला विचारतोय. म्हटलं, मग इथे काय करतोस? तर म्हणतो, अजून हाक आली नाही.”

बायकोने मुलीकडे बघितलं.

“शर्टाची बटणं वरखाली लावलेली,” हवालदार सांगत होता. “माझ्या लक्षात आलं, वेडा आहे. मशीनवाले कटकट करत होते, म्हणून काठी दाखवून हाकलला आणि आलो परत.”

“हाकलला?” फौजदार म्हणाला.

“मग काय करू, साहेब? आपल्याला शहाणा माणूस शोधायचा होता.” त्याने भट्टीवाल्याकडे बोट केलं. “यांनीच सांगितलंय तसं. विचारा त्यांना.”

भट्टीवाल्याचा हात अजून टेबलावर होता. तो उचलावा की तसाच ठेवावा हे त्याला कळेना. सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याला मान वर न करताही कळत होतं. दारात पेले वाजले. चहा घेऊन मामा येऊन उभा होता. तो केव्हा आला कुणास ठाऊक.

“तुमचा मुलगा वेडा आहे का?” फौजदाराने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, पण प्रश्न तोच होता.

“वेडा नाही,” भट्टीवाला म्हणाला. “तसा नाही. म्हणजे... थोडा...” आणि त्याने दाराकडे बघितलं. त्या क्षणीही, पोराचा पत्ता समोर असताना, त्याच्या डोक्यात एक विचार येऊन गेला. तो दुसराच कुणी असेल, असं म्हणून टाकावं, मग गुपचूप जाऊन घेऊन यावं. तो विचार त्याच्या तोंडावर सगळ्यांना दिसला असावा, कारण मुलगी एकदम पुढे झाली.

“मामा, आत या. तुम्हीही ऐका,” ती म्हणाली. “माझा दादा भोळा आहे. जन्मापासून. तुम्ही सगळे घरी आलात तेव्हा आम्ही त्याला मागे लपवलं होतं. हाक मारेपर्यंत दिसू नको म्हणून सांगितलं होतं. मला माहीत होतं. मी केस विंचरत होते.”

मामाने पेले खिडकीत ठेवले. “हे आधी बोलायचं होतंत,” एवढंच तो म्हणाला, तेही भट्टीवाल्याकडे न बघता.

“घरात त्याला काय म्हणतात?” फौजदाराने विचारलं.

हे मात्र कुणी भट्टीवाल्याच्या वाटचं बोललं नाही. मुलगी आणि बायको दोघी त्याच्याकडेच बघत होत्या.

“ढेकळ्या,” तो पुटपुटला.

“काय?” हवालदाराने कान पुढे केला.

“ढेकळ्या.”

शिपाई फिसकन हसला आणि फौजदाराने बघितल्यावर गप्प झाला. बायको हवालदारासमोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्या खांद्याएवढीही नव्हती. “आम्ही खोटं बोललो, ते आमचं चुकलं,” ती म्हणाली. “पण तुम्ही काठी दाखवलीत. समोरचा शहाणा नाही हे तुम्हाला दिसलं होतं ना? पाणी तरी विचारलंत का त्याला?”

हवालदाराने पट्ट्याचं बक्कल नीट केलं. ते आधीच नीट होतं. मग तो गाडी काढायला बाहेर गेला.

खडी मशीनचा आवाज लांबूनच येत होता. फौजदाराने ती बंद करायला लावली, तेव्हा कान बधिर झाल्यासारखे झाले. खडीची पांढरी धूळ माणसांच्या भुवयांवरही बसली होती. काम थांबलं म्हणून बायाबापड्या पाट्या टाकून गोळा झाल्या. राखणदार म्हणाला, “तो होय? हाकलला की जातो, परत येतो. आम्हीही दगड मारलेत एकदोनदा, खोटं कशाला बोलू. पावसाच्या आधीपासून नाही दिसला.”

मामाही सायकलवरून मागोमाग आला होता. तो बाजूला उभा राहिला.

हवालदाराने गाडीतला भोंगा काढून भट्टीवाल्याच्या हातात दिला. “मारा हाक.”

भट्टीवाल्याने भोंगा तोंडाला लावला आणि सवयीने म्हणा, मामा बघत होता म्हणून म्हणा, कागदावरचं नाव पुकारलं. पणजोबांचं ते भारदस्त नाव पाईपांवर आदळून परत आलं. काही हललं नाही.

“अहो,” बायको म्हणाली. इतकंच.

त्याने घसा साफ केला. “ढेकळ्या,” तो भोंग्यात म्हणाला. बायांमध्ये खसखस पिकली. त्याच्या कानशिलांना चटका बसला. “ढेकळ्या! ए ढेकळ्या! ये रे!”

सगळ्यांत लांबच्या पाईपातून आधी एक हात आला, मग डोकं. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, शर्ट चिखलाने कडक झालेला. ढेकळ्या बाहेर येऊन उभा राहिला आणि बापाला बघून तोंडभर हसला. धावतच निघाला. आई “अरे, हळू!” म्हणाली तसा तो थांबला आणि मग त्याला बाकीचे दिसले. गणवेशातली माणसं, पाट्या घेतलेल्या बाया, राखणदार, सायकल धरून उभा असलेला मामा.

त्याचं हसू गेलं. त्याने बापाकडे बघितलं, आपलं काहीतरी चुकलं अशा नजरेने.

“पाहुणे आहेत,” तो घाईने म्हणाला, वळला, गुडघ्यांवर बसला आणि पुन्हा पाईपात शिरायला लागला.

भट्टीवाल्याने भोंगा टाकला. तो पळाला, खडीवर गुडघे सरकून आपटला, तसाच रांगत पुढे गेला. तोवर ढेकळ्या कमरेपर्यंत आत गेला होता. बाहेर नुसती पावलं राहिली होती, टाचा फुटलेल्या, तळव्यात खडी रुतून सुजलेली. भट्टीवाल्याने दोन्ही हातांनी ती पकडली.

“बाहेर ये, बाळा. असू देत पाहुणे.”

“दिसेन ना मी,” आतून आवाज आला.

मागे सगळे उभे होते, फौजदार, हवालदार, मामा, मशीनवरच्या बाया, त्याची स्वतःची मुलगी. त्या सगळ्यांच्या देखत तो खडीत पालथा पडून पोराचे पाय धरून राहिला.